दोन केसांची पन्हळ

भोसरी एमआयडीसीतल्या फारूकभाईंच्या शेडवर पाटी नाही. कधी नव्हतीच. 'धारवाले फारूकभाई' एवढं विचारलं की चहाच्या टपरीवरचा माणूससुद्धा हात करून दाखवतो, आणि या गोष्टीचा फारूकभाईंना जो अभिमान आहे तो ते मुळीच लपवत नाहीत. चाकणच्या कंपन्यांचे मिलिंग कटर, छापखान्यातली कागद कापायची हातभर लांब पाती, खाटकांचे सुरे, शिंप्यांच्या कात्र्या. छत्तीस वर्षांत त्यांच्या ग्राइंडिंगच्या चाकाखालून काय गेलं नाही ते विचारा. धार लागली की ते पातं डाव्या अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवतात. घसरलं तर धार नाही, नखात अडकलं तर काम झालं. हसीनाबी, म्हणजे त्यांची बायको, सगळ्यांना सांगत असते की या माणसाने मला बघायला आल्यावर आधी माझ्या आईच्या अडकित्त्याची धार बघितली आणि मग माझ्याकडे.

तर अशा माणसाकडे एका शनिवारी इंदुताई पिशवी घेऊन आल्या.

इंदुताई चऱ्होलीच्या. चाकणच्या एका कंपनीचं कँटीन सांभाळतात. तिथल्या भाजी चिरायच्या यंत्राची पाती फारूकभाईंकडेच यायची, त्यामुळे ओळख जुनी. पण आज पिशवीतून निघाला पांढऱ्या बुटांचा जोड. बुटांच्या तळाला लांब पोलादी पाती बसवलेली, आणि पात्यांच्या पुढच्या टोकाला करवतीसारखे दात.

"हे काय इंदुताई? आता बुटाने कोबी चिरणार का?"

"आमच्या योगिनीचं हायेत, भाई. बर्फावर नाचती ती. पिंपरीकडं त्या मॉलमधी बर्फाचं मैदान केलंय न्हाई का, तितं."

योगिनी त्यांची मुलगी, तेरा वर्षांची. चऱ्होलीत सोसायट्या उठल्या, तशी ती एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये चाकांच्या स्केट्सवर शिकली आणि तिथून बर्फावर गेली. पुढच्या रविवारी राज्याच्या संघाची निवड होती. तीनच मुली घेणार होते. एरवी तिच्या पात्यांना धार लावायला बूट दिल्लीला जायचे, पण पार्सल जाऊन यायला दहा दिवस लागतात आणि हातात होते आठ. तिची प्रशिक्षक तेजस्विनी मोठ्या मुलांना घेऊन परगावी शिबिराला गेलेली. तिने फोनवरून निरोप दिला होता.

"म्याडम म्हणल्या, दातांना हात लावायचा न्हाई. आन् पातं जसं हाय तसंच ठेवून फकस्त धार लावायची."

दातांचं सांगितलं ते बरं केलं. कारण फारूकभाईंची पहिली नजर त्या दातांवरच गेली होती. पातं कुठेतरी आपटून टवके उडालेत, ते साफ करून द्यावेत, असं त्यांच्या मनात येऊन गेलं होतं. इंदुताई गेल्यावर त्यांनी बूट उलटे धरून भिंगाखाली घेतले आणि जीभ टाळ्याला लावून चक् केलं. पातं जेमतेम चार मिलिमीटर रुंद, आणि त्याच्या मधोमध, पुढून मागपर्यंत, धातू किंचित खाली गेलेला. घराच्या पत्र्याला असते तशी एक बारीकशी पन्हळ. दोन्ही कडा वर, मध्ये खळगा.

फारूकभाईंच्या जगात पातं मध्ये खाली जातं ते दोनच कारणांनी. एक तर झिजून, नाहीतर धार लावणाऱ्याने चाक सपाट न करता हात मारला म्हणून. दिल्लीवाल्यांबद्दल त्यांचं मत तसंही फारसं चांगलं नव्हतं. 'जसं आहे तसंच' हे त्यांनी ऐकलं होतं, नाही असं नाही. पण पेशंट म्हणतो 'फक्त गोळी द्या डॉक्टर' ते डॉक्टर जसं ऐकतो, तसं ऐकलं होतं. त्यांनी हिऱ्याच्या टोकाने चाक सपाट करून घेतलं, पात्याचा लांबीकडचा गोलवा तेवढा जसाच्या तसा राखला, आणि दोन्ही पाती हळूहळू घासत ती पन्हळ पार नाहीशी करून टाकली. शेवटी पात्यांत स्वतःचा चेहरा दिसला. कडा अशा काटकोनात, की गुण्या लावून बघा. नख टेकवलं, अडकलं. स्वतःवर खूश होऊन त्यांनी एक चहा जास्त मागवला.

सोमवारी इंदुताई कामावरून सुटल्या त्या थेट शेडवर.

"भाई, पोरगी म्हणती पातं धरत न्हाई. जितं पाय टाकला तितनं सरकतंय. दोन दिसात दोनी गुडघं फोडून घेतल्यात."

फारूकभाईंच्या हातात एक कटर होता. तो खाली ठेवायचंही त्यांना सुचलं नाही. "धार माझी नीट आहे, इंदुताई," ते म्हणाले. "पडते ती पोरगी पडते. नवी धार आहे, सवय होऊ द्या."

"म्याडमबी फोनवर तेच म्हणल्या. सवय व्हईल म्हणून."

"बघा!"

इंदुताईंनी पदराने मानेचा घाम टिपला आणि गेल्या. फारूकभाई पुन्हा कटरकडे वळले, पण काम रंगेना. जेवताना त्यांनी हसीनाबीला सगळं सांगितलं, अर्थात स्वतःच्या बाजूने. ती वाढता वाढता थांबली.

"तुमने उसको चलते देखा क्या?"

"नहीं."

"फिर कैसे बोल दिए?"

यावर नवरे जे करतात तेच फारूकभाईंनी केलं. पाण्याचा तांब्या मागितला.

गुरुवारी भोसरीला सुट्टी. लाइट नसते, शेड बंद असतात. त्या दिवशी फारूकभाई पिंपरीच्या बसमध्ये बसले. आपण आपली धार खरी करून दाखवायला चाललोय, असं ते स्वतःला सांगत होते. पण खरं सांगायचं तर आत दुसराच एक किडा वळवळत होता. छत्तीस वर्षं त्यांनी पात्यांना धार लावली ती काहीतरी कापण्यासाठी. लोखंड, कागद, मटण, कांदा. या पात्याने कोणी काहीच कापत नाही, नुसतं त्यावर उभं राहतं. मग त्याला धार हवी कशाला? या वयात असा प्रश्न पडला की माणूस पुन्हा शाळकरी होतो.

मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर बर्फाचं मैदान होतं, शाळेच्या पटांगणाच्या निम्म्याने असेल. बाहेर एप्रिलचं ऊन टाळू भाजत होतं आणि इथे तोंडातून वाफ निघत होती. फारूकभाई पातळ कुडत्यात कुडकुडत कठड्याशी उभे राहिले. भाड्याचे बूट घातलेली दहा-बारा पोरं कठडा धरून चालत होती. मध्यभागी चार मुली सराव करत होत्या. त्यांतली योगिनी कोण हे सांगावं लागलं नाही. दोन वेण्या, दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या. ती वळण घ्यायला जायची आणि पाय तिच्या खालून असा निघून जायचा, जशी ओल्या फरशीवर चप्पल जाते. पडायची, उठायची, बर्फ झटकायची आणि पुन्हा तेच.

सवयीने फारूकभाईंनी मुलीकडे बघणं सोडून दिलं आणि खाली बघू लागले. काम बिघडलं की ऑपरेटरचा चेहरा बघायचा नसतो, कामावर उमटलेली खूण बघायची असते. बाकीच्या मुली जिथून वळून गेल्या होत्या तिथे बर्फात एकेक रेघ होती. बारीक, खोल, कंपासाने काढल्यासारखी. योगिनी वळली होती तिथे रेघ नव्हतीच. तिथे होता बोटभर रुंद पांढुरका पट्टा, कडेला भुगा सांडलेला.

तो पट्टा फारूकभाईंना ओळखीचा होता. लोखंडावर हजारदा पाहिलेला. हत्यार कापत नसलं आणि नुसतं घासत असलं की तसा पट्टा उमटतो. असा पट्टा घेऊन कारखान्यातला माणूस शेडवर भांडायला येतो तेव्हा फारूकभाई त्याला एकच प्रश्न विचारतात: हत्याराला धार कोणी लावली होती?

फारूकभाई कठडा सोडून बाकाकडे गेले.

बाकावर मुलींच्या आया बसल्या होत्या. फारूकभाईंनी एकीला विनंती करून तिच्या मुलीचे जादा बूट हातात घेतले आणि पात्याच्या तळावरून आडवा अंगठा फिरवला. मध्ये पन्हळ. दुसरीचे घेतले. पन्हळ. मग ते सरळ भाड्याच्या बुटांच्या काउंटरवर गेले आणि तिथल्या माणसाला 'मी धारवाला आहे' असं सांगून ओळीने बारा जोड उलटे करून बघितले. बाराही जोडांना पन्हळ होती, कुठे खोल, कुठे उथळ. एका पात्याला झीज म्हणता येतं. सगळ्या जगाची पाती एकाच जागी, मधोमध कशी झिजतील?

त्या क्षणी निघून जाता आलं असतं. कोणाला काही कळलं नव्हतं. इंदुताईंना पात्यातलं काही समजत नव्हतं, तेजस्विनी मॅडम परगावी, आणि पोरगी पडली तर लोक म्हणणार घाबरली. हा विचार फारूकभाईंच्या मनात आला, आणि अर्धा कप चहा प्यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ तो तिथे बसलाही. मग योगिनी बाहेर आली. बाकावर टेकली आणि फडक्याने पाती पुसू लागली, अगदी काळजीने, आधी एक बाजू, मग दुसरी.

"बाळा, मी फारूक," ते तिच्यासमोर उभे राहून म्हणाले. "तुझ्या पात्यांना धार मी लावली."

ती पटकन उठली. "थँक्यू चाचा. धार मस्त आहे. मलाच जमत नाहीये. मला बहुतेक भीती वाटायला लागलीये."

फारूकभाईंना वाटलं, हिने एक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

"तुला सगळं जमतंय," ते म्हणाले. "चुकलोय मी." आणि त्यांनी तिला तिचं पातं दाखवलं, मग मैत्रिणीचं दाखवलं, मग तिचाच अंगठा धरून दोन्हींवरून फिरवला. तिला कळायला वेळ लागला नाही. ती आपल्या गुडघ्यांकडे बघत राहिली.

"मी आईला सांगत होते," ती हळूच म्हणाली. "पहिल्या दिवसापासून सांगत होते की पातं धरत नाही." मग तिचे डोळे भरले, रागाने भरले, आणि फारूकभाई मान खाली घालून समोर उभे राहिले. कोणाच्या रागासमोर असं उभं राहायची वेळ त्यांच्यावर फार वर्षांनी आली होती.

"परत होईल का तसं?" तिने नाक पुसत विचारलं.

त्यांनी खिशातली छोटी कानस काढून पात्याच्या बाजूला एका कोपऱ्यात जरा टेकवून कडक पोलाद किती उरलंय ते बघितलं. बूट मुळात कोणा मोठ्या मुलीचे जुने होते. पात्याचं कडक पोलाद तळाशी पट्टीसारखं असतं, त्याच्या वर मऊ लोखंड. इतक्या वर्षांच्या धारेने ती पट्टी खात आणली होती, आणि उरलेली बरीचशी फारूकभाईंनी शनिवारी स्वतःच्या हाताने उडवली होती.

"होईल. पण एकदाच. दुसऱ्यांदा घासलं तर मऊ लोखंड लागेल आणि मग हे पातं लोणच्याची फोडसुद्धा कापणार नाही."

"नवीन पाती मागवायला दीड महिना लागतो."

"म्हणून आधी मला शिकव. समजल्याशिवाय मी आता हात लावणार नाही."

आणि मग त्या बाकावर एका तेरा वर्षांच्या पोरीने साठीतल्या माणसाची शिकवणी घेतली. तिने आपला तळहात उभा धरला. हे पातं. याला दोन एज, म्हणजे कडा. अंगठ्याकडची आतली, करंगळीकडची बाहेरची. अंग ज्या बाजूला कललं ती एज बर्फात रुतते आणि पाय त्या बाजूला गोल फिरतो. पुढे जाताना दोन, मागे जाताना दोन, आणि पाय दोन, म्हणजे झाल्या आठ. "आमचं सगळं या आठांतच असतं चाचा. एका एजवरून दुसऱ्या एजवर जायचं म्हणजे टर्न. टर्न नीट जोडले की त्याला स्टेप्स म्हणतात."

"आणि सरळ उभी राहिलीस तर?"

"तर दोन्ही एज टेकतात. त्याला फ्लॅट म्हणतात. फ्लॅटवर काहीच करता येत नाही."

"आणि मी तुला नुसतं फ्लॅटच करून दिलं," फारूकभाई म्हणाले. योगिनीला हसू आलं. रडून झाल्यावर येतं तसलं.

मग त्यांचे प्रश्न थांबेनात. पन्हळ असली की दोन्ही कडा टोकदार होतात आणि बर्फात घुसतात, हे त्यांचं त्यांनाच उमगलं. गिरकी कुठे घेतेस? दातांच्या जरा मागे, पात्याच्या या एवढ्याशा जागेवर. चक्कर येत नाही? येते, पण सवय होते. दात कशाला? उडीसाठी. मागचा पाय ठोकायचा आणि वर जायचं. सगळ्या उड्यांना दात लागतात? नाही, तीन उड्यांना लागतात, तीन नुसत्या एजवरून मारतात. म्हणजे उड्या सहा? सहा. सहाही उतरताना सारख्याच, पाठमोऱ्या, उजव्या पायावर, बाहेरच्या एजवर. फरक फक्त चढताना.

"चढताना काय फरक?"

"बघा, फ्लिप आणि लुट्झ. दोन्ही सारख्याच दिसतात. दोन्हींना डाव्या पायावरून मागे जायचं आणि उजव्याचा दात ठोकायचा. पण फ्लिपला डावा पाय आतल्या एजवर असतो आणि लुट्झला बाहेरच्या. बाहेरच्या एजवर आपण एकीकडे वळत असतो आणि उडी घ्यायची उलटीकडे."

"हे कसलं गं उरफाटं!"

"म्हणून तर अवघड. माझा पाय शेवटच्या क्षणाला आत झुकतो. वर्षभर तेजूताई ओरडतायत. आत झुकला की उडी सोपी होते."

"मग सोपीच मार की. कोणाला कळतंय?"

योगिनीने त्यांच्याकडे अशा नजरेने बघितलं, जशा नजरेने ते स्वतः 'चालतंय हो भाई, द्या तसंच' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघतात. "मग ती लुट्झ नसते ना चाचा," ती म्हणाली. फारूकभाईंना ही पोरगी मनापासून आवडली.

तिथूनच त्यांनी तेजस्विनीला फोन लावला आणि काही न लपवता सांगितलं.

"मी 'जसं आहे तसं' म्हटलं होतं, काका."

"म्हटलं होतंत. मी ऐकलं, आणि वर शहाणपणा केला."

"पन्हळीला अर्ध्या इंचाची त्रिज्या," ती म्हणाली. "तिच्या वजनाला तेवढी लागते. आणि दोन्ही एज एका उंचीवर हव्यात. जरा जरी एक वर राहिली, तरी ती सगळीकडे एकाच बाजूला ओढली जाईल."

योगिनीचे बूट मांडीवर घेऊन बसमध्ये फारूकभाईंनी तिकिटाच्या मागे हिशेब मांडला. अर्ध्या इंचाचा गोलवा, चार मिलिमीटरचं पातं, मधली खोली किती? मिलिमीटरचे सोळा शतांश. म्हणजे दोन केस. डोक्यावरचे दोन केस एकावर एक ठेवले तर होते तेवढी खोली, आणि तेवढ्यासाठी पोर पाच दिवस तोंडावर पडत होती. त्यांनी ते तिकीट घडी घालून खिशात ठेवलं.

शुक्रवारी सकाळी त्यांनी आलेली सगळी कामं बाजूला सारली. चाकाला आता सपाट नव्हे तर फुगीर करायचं होतं, अर्ध्या इंचाच्या मापाने, म्हणजे त्याच्या फुगीरपणाचा ठसा पात्यात पन्हळ होऊन उतरेल. झुलत्या दांडीवर हिरा बसवून त्यांनी चाकाला आकार दिला. मग भंगारातली, तेवढ्याच रुंदीची कडक पट्टी घेऊन तिच्यावर हात मारून बघितला. एक कड वर राहिली. पुन्हा. आता दुसरी वर राहिली. सात पट्ट्या वाया गेल्या. आठवी बरोबर आली, नववीही आली. तेव्हा ते उठले, जुम्म्याची नमाज पढून आले, रेडिओ बंद केला, 'बिस्मिल्ला' म्हणाले आणि योगिनीचं डावं पातं हातात घेतलं.

त्या तासाभराबद्दल सांगण्यासारखं काही नाही. ते श्वास घ्यायला विसरत होते एवढंच. शेवटी दोन्ही पाती खाली ठेवली तेव्हा कुडता पाठीला चिकटला होता. पात्यावर आडवी बारीक सळई ठेवून बघितली. तसूभर कलली नाही. कानस लावली. घसरली, म्हणजे कडक पोलाद अजून आहे. पण आता त्याच्या पुढे काही नाही. सवयीने अंगठ्याचं नख टेकवलं. अडकलं. पण गेल्या शनिवारीही ते अडकलंच होतं. छत्तीस वर्षांत पहिल्यांदाच फारूकभाईंना स्वतःच्या नखाचा भरवसा वाटेना. आता बर्फ काय म्हणेल ते खरं.

शनिवारी तेजस्विनी परत आली आणि योगिनीला तासभर बर्फ मिळाला. फारूकभाई कठड्याशी हजर. पातं धरत होतं! वळणं परत आली, गिरकी परत आली. रेघा बारीक होत्या, ते त्यांनी वाकून वाकून बघितलं. फक्त लुट्झ आली नाही. तीन वेळा ती पाठमोरी कोपऱ्याकडे गेली आणि तिन्ही वेळा दात ठोकायच्या आधी अंग सोडून दिलं.

"पाती बरी झालीत," तेजस्विनी म्हणाली. "पण पाच दिवस ती पडलीये ना, ते शरीर लगेच विसरत नाही."

फारूकभाईंना हे समजलं आणि म्हणूनच जास्त लागलं. लोखंडातली चूक त्यांनी काढली होती. पोरीच्या अंगात घातलेली चूक कोणत्या चाकावर काढणार?

रविवारी भोसरीत सगळे शेड चालू होते, एक सोडून. फारूकभाई, शाल गुंडाळलेली हसीनाबी आणि कँटीनमधून सुट्टी काढून आलेल्या इंदुताई असे तिघे कठड्याशी उभे होते. योगिनीचा नंबर शेवटचा. इंदुताईंच्या ओठांची हालचाल चालू होती, बहुधा गावच्या देवाला काहीतरी कबूल करत होत्या.

संगीत सुरू झालं. योगिनी एका पायावर, दुसरा कमरेच्या वर उचलून, अख्खं मैदान ओलांडून गेली. इंदुताईंनी डोळे मिटले, फारूकभाईंनी मिटले नाहीत. पहिली उडी उतरली. टर्न झाले, डावा, उजवा, पुन्हा डावा. गिरकी इतक्या एका जागी बसली की हसीनाबीच्या तोंडून 'माशाल्ला' निघून गेलं. आणि मग ती पाठमोरी निघाली, लांबच लांब, त्यांच्याच बाजूच्या कोपऱ्याकडे. डावा पाय. करंगळीकडे कललेला. फारूकभाई मनात म्हणत होते, धर, धर, धर. तिने दात ठोकला, वर गेली, हवेत फिरली, उतरली आणि पडली. धपकन. कठड्यापासून दोन हातांवर.

ती लगेच उठली आणि पुढचं सगळं तिने नीट केलं, असं नंतर सगळे सांगत होते. फारूकभाईंनी ते पाहिलं नाही. ते मागे सरकले, बुटांच्या काउंटरच्या आडोशाला गेले आणि तिथल्या बाकावर बसले. पातं सुटलं. पुन्हा सुटलं. त्या पट्टीत आता धार लावायला काही उरलं नव्हतं, आणि या पोरीचं वर्ष आपण खाल्लं, यापलीकडे त्यांना काही सुचत नव्हतं. लाज वाटत होती. छत्तीस वर्षांची जी काय कमाई होती ती त्या बर्फावर सांडल्यासारखी वाटत होती.

माइकवर नावं वाचली गेली. पहिलं कोणाचं तरी. दुसरं कोणाचं तरी. तिसरं योगिनीचं. फारूकभाईंना वाटलं, आपल्याला भास झाला. पण पलीकडून इंदुताईंचा आवाज आला, "आगं बया!" आणि तो आवाज खोटा असणं शक्य नव्हतं.

तेजस्विनी त्यांना शोधत आली. "काका, इथे काय बसलात? दोघींच्या लुट्झला परीक्षकांनी चुकीच्या एजची खूण केली. ही पडली, तेवढे गुण गेले, पण एज एकदम स्वच्छ. आणि गिरकी तर सगळ्यांत वरची." ती सांगत होती, पण फारूकभाईंचं लक्ष तिच्या मागे होतं. पात्यांना प्लॅस्टिकची टोपणं लावून, खटखट चालत योगिनी येत होती.

"चाचा, चला."

"कुठे?"

"बर्फ साफ करायच्या आत चला ना!"

दारावरच्या माणसाने चपला काढायला लावल्या. टोपणं काढून योगिनी पुढे झाली आणि नुसत्या मोज्यांवर, तिच्या कोपराला लटकत, फारूकभाई आयुष्यात पहिल्यांदा बर्फावर उतरले. चार पावलांत दोनदा 'या अल्ला' झालं. कोपऱ्यात पोहोचल्यावर तिने त्यांना धरून खाली बसवलं आणि बोट दाखवलं.

रेघ होती. दुरून येत होती, लांब, वळत वळत, बाहेरच्या बाजूला कललेली. फारूकभाईंनी चष्मा सरळ केला आणि तिच्यासोबत नजर नेली. कुठे रुंद झाली नव्हती, कुठे दुसरी बाजू टेकली नव्हती, शेवटच्या वितीतही आत वळली नव्हती. दाताने खणलेल्या खड्ड्यापर्यंत ती एकच बारीक रेघ होती. वर्षभर जे जमलं नव्हतं, ते. खड्ड्याच्या पलीकडे उतरल्याची खूण आणि मग मोठा खरवडलेला डाग, जिथे ती आपटली होती.

"बघितलंत?" योगिनी म्हणाली. "धार तुमची नीट आहे, चाचा. पडले ती मी पडले."

सोमवारी ते इंदुताईंना जवळजवळ याच शब्दांत बोलले होते. पोरीला ते ठाऊक होतं की नाही कोण जाणे. कठड्यापलीकडे इंदुताई उभ्या होत्या, त्यांनी मात्र पदर तोंडाशी नेला.

फारूकभाईंनी डाव्या अंगठ्याचं नख त्या रेघेत टेकवलं. अडकलं. मग ते तिथेच बसून रडले, सगळ्यांसमोर, आणि ते त्यांनी लपवलं नाही. शेवटी कठड्यावरून हसीनाबीच ओरडली, "उठो अब! बरफ पे बैठे रहे तो कमर जाएगी, फिर कौन सीधी करेगा?"